मदत हवी आहे: मी स्थिर, शहर धूसर, असं सेल्फ-पोर्ट्रेट कसं काढू?

नमस्कार मंडळी, नोकरीसाठी सांगलीहून मुंबईत आले आहे. इथं ओळखीचं कुणी नाही, म्हणून स्वतःचेच फोटो काढते. अमेरिकन छायाचित्रकार फ्रान्सिस्का वुडमन सत्तरच्या दशकात शटर संथ ठेवून स्वतःलाच धूसर करायची. मला उलट हवंय: मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर मी स्पष्ट, मागची संध्याकाळची गर्दी विरघळलेली. या शहरात मला सध्या अगदी असंच वाटतं.

१/६० सेकंदाच्या शटरला ६ स्टॉपचा एनडी फिल्टर (लेन्सवरची गडद काच, दर स्टॉपला प्रकाश निम्मा करणारी) लावला की साधारण १ सेकंद मिळतो. चालणारी माणसं तेवढ्यात पुरेशी पुसट होतात का? १० स्टॉपला १७ सेकंद लागतील. समुद्राच्या वाऱ्यात केस, ओढणी हलणारच. एकटीनं फोकस कसा लॉक करता? आणि ट्रायपॉड लावला तर तिथं कुणी हटकतं का?