जुना गेमिंग पीसी, बेताचं बजेट: तुम्ही काय बदललंत, काय तसंच ठेवलंत?

नवा गेमिंग पीसी परवडत नाही आणि जुन्यावर नवे गेम धड चालत नाहीत, अशा अवस्थेत बरेच जण आहेत. 'कोणतं ग्राफिक्स कार्ड घेऊ?' याची उत्तरं ढिगानं मिळतात. पण पैसे एकाच भागापुरते असतील तर तो भाग कोणता, हे ज्यानं स्वतः बदलून पाहिलंय त्यानंच सांगावं. म्हणून हा धागा. लिहिताना प्रोसेसर, कार्ड, मॉनिटरचं रिझोल्यूशन आणि खेळता ते गेम कशा प्रकारचे, एवढं नक्की लिहा. त्याशिवाय दुसऱ्याला अंदाज येत नाही.

सुरुवात मी करतो. इंटेलचा आय५-६५०० प्रोसेसर आणि जीटीएक्स १०६० कार्ड (६ जीबी), मॉनिटर १०८०पी. सरासरी फ्रेम (दर सेकंदाला दिसणारी चित्रं) बऱ्या दिसायच्या, पण गेममधल्या गर्दीच्या शहरात शिरलं की चित्र अडखळायचं. जो तो म्हणे कार्ड बदल. त्याआधी आफ्टरबर्नर हे कार्ड-प्रोसेसरचा वापर दाखवणारं सॉफ्टवेअर लावून आकडे पाहिले. कार्डाचा वापर ६०-७० टक्क्यांत घुटमळत होता आणि प्रोसेसरचे चारही कोअर १०० वर. रिझोल्यूशन ७२०पीवर आणलं तरी फ्रेम वाढेनात. म्हणजे कार्डाला काम पुरवायलाच प्रोसेसर कमी पडत होता. त्याच बोर्डावर सेकंडहॅण्ड आय७-७७०० बसवला. आधी बायोस (बोर्डावरचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करावा लागला. कोअर चारच, पण थ्रेड (एका वेळी हाताळायची कामं) आठ झाले आणि अडखळणं जवळपास थांबलं. सरासरी फ्रेम मात्र फारशा वाढल्या नाहीत, हेही सांगून ठेवतो. आणखी एक: इंटेलच्या आठव्या पिढीच्या सॉकेटचं (प्रोसेसर बसतो त्या खाचेचं) नावही एलजीए ११५१च आहे, पण ते प्रोसेसर १०० आणि २०० मालिकेच्या बोर्डांवर चालत नाहीत. नुसतं सॉकेटचं नाव बघून घेऊ नका.

•

माझ्याकडे वेगळं कार्ड नाहीच. एएमडीचा रायझन ५ ३४००जी प्रोसेसर, त्यातल्याच ग्राफिक्सवर खेळतो. ८ जीबीची एकच रॅम होती, तशीच दुसरी लावली. अशा ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ती सगळी कामं रॅमवरच करते, त्यामुळे ड्युअल चॅनेलचा (दोन रॅम एकत्र चालण्याचा) फरक लगेच दिसला. मग बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या छापील वेगानं चालवणारी सेटिंग, चालू केलं. ३२०० ची रॅम इतके दिवस २१३३ वर धावत होती! तेवढं फुकटात मिळालं.

•

माझा पीसी ऑफिसातून निघालेला, छोट्या कॅबिनेटचा, तयार ब्रँडेड. असे पीसी स्वस्तात मिळतात म्हणून अनेक जणी-जण घेतात, त्यांच्यासाठी जरा सविस्तर लिहिते. यातला एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) कंपनीच्या खास मापाचा, त्याला कार्डाला वीज देणारी ६-पिन किंवा ८-पिनची वायरच नाही, आणि बाजारातला साधा एसएमपीएस त्या जागेत बसत नाही. तेव्हा स्लॉटमधून मिळणाऱ्या ७५ वॉटमध्ये भागेल असंच कार्ड हवं, आणि तेही लो प्रोफाइल, म्हणजे कमी उंचीचं. आरएक्स ६४०० समोर होतं, ते जीटीएक्स १६५० पेक्षा नवं. पण ते पीसीआयई ४.० (कार्डाचा स्लॉट) च्या फक्त चार लेनवर, म्हणजे डेटाच्या चार वाटांवर, चालतं. माझा बोर्ड ३.० चा, त्यावर त्याचा वेग पडतो, विशेषतः कार्डावरची ४ जीबी मेमरी भरली की. शिवाय त्यात रेकॉर्डिंगला लागणारा व्हिडिओ एन्कोडर नाही आणि मला खेळ रेकॉर्ड करायचा असतो. म्हणून १६५० घेतलं. त्याच्याही सगळ्या मॉडेलांना बिनवायरीचं चालत नाही, फोटोत कार्डाची कड नीट पाहून घ्या. १०८०पीला मध्यम सेटिंग्जवर माझं समाधान आहे. घेण्याआधी पट्टीनं कॅबिनेटच्या आतली जागा मोजली होती, हार्ड डिस्कचा पिंजरा आड येत होता, तो काढावा लागला.

•

एएम४ (एएमडी रायझनचं एक सॉकेट) बोर्ड असेल तर तुमच्यासारखे नशीबवान तुम्हीच. २०१७ च्या बी३५० बोर्डावर माझा पहिला रायझन होता, आता तिथेच रायझन ५ ५६०० आहे. जुना प्रोसेसर बसलेला असतानाच बायोस अपडेट करा, अपडेट न करता नवा लावलात तर स्क्रीनच येणार नाही. कूलर काढण्याआधी थोडा वेळ गेम चालवून प्रोसेसर आणि कूलरमधली थर्मल पेस्ट गरम होऊ द्या, मग पीसी बंद करून कूलर हलकेच डावी-उजवीकडे फिरवत सोडवा. सरळ वर ओढला तर प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात.

•

सेकंडहॅण्ड कार्डाबद्दल माझा अनुभव कडू आहे. आरएक्स ५८० म्हणून जे हाती आलं ते ५८० २०४८एसपी निघालं. नावाप्रमाणे त्यात २०४८ शेडर (चित्राचं गणित करणारे छोटे भाग), मूळ ५८० मध्ये २३०४. विकणाऱ्यानं खोक्यावरचं नाव तेवढं सांगितलं होतं. जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर चालवलं की हे एका नजरेत दिसतं, म्हणून पैसे देण्याआधी ते समोर चालवून मागा. त्यातच कार्डाचा बायोसही बदललेला कळू शकतो. क्रिप्टो माइनिंगमधून आलेल्या कार्डांत तो प्रकार बराच. नुसता डेस्कटॉप दिसला म्हणून कार्ड ठीक आहे असं समजू नका, जड गेम किमान अर्धा तास चालू द्या.

•

मी काहीच विकत घेतलं नाही. म्हणजे थर्मल पेस्टची एक ट्यूब, बस. धूळ काढली, पंख्याची पाती बोटानं धरून ब्लोअर मारला, प्रोसेसरची पेस्ट बदलली. पूर्वी अर्ध्या तासानं तापमान चढून फ्रेम पडायच्या, ते बंद झालं. मग फ्रेम ६० वर बांधल्या आणि गेममध्ये असेल तिथे एफएसआर (कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करून फ्रेम वाढवणारी सोय) चालू केलं. तसंच काम करणाऱ्या एनव्हीडियाच्या डीएलएसएसला आरटीएक्स कार्ड लागतं, एफएसआर माझ्या जीटीएक्स १०७० वरही चालतं. १०८०पीला एफएसआर 'क्वालिटी'च्या खाली नेलं की चित्र धूसर होतं, तिथे सावल्यांची सेटिंग कमी करणं मला बरं वाटतं.

•

माझा आय५-३५७०. गेम डाउनलोड झाला, पण उघडेचना. शोधल्यावर कळलं की त्याला प्रोसेसरमध्ये एव्हीएक्स२ हा सूचनांचा संच लागतो आणि तो इंटेलच्या चौथ्या पिढीपासून, २०१३ पासून, आला. इथे कितीही भारी कार्ड लावून उपयोग नव्हता. सध्या फक्त साटा एसएसडी आणि चांगला एसएमपीएस घेतलाय, कारण हे दोन्ही पुढच्या पीसीत जातील. डीडीआर३ रॅम वाढवली असती तर ती इथेच राहिली असती. पुढे ५६०० आणि बी४५० अशी जोडी डोक्यात आहे. बोर्ड आणि प्रोसेसर दोन्ही सेकंडहॅण्ड घेतले तर काय तपासू?

•

एएम४ मध्ये पिना प्रोसेसरला असतात, बोर्डाला नाहीत. त्यामुळे प्रोसेसर उलटा धरून मोबाइलच्या कॅमेऱ्यातून चारही बाजूंनी रांगा सरळ आहेत का पाहा. बोर्डावर रॅमचे सगळे स्लॉट एकेक करून चालवून घ्या आणि बायोस ५६०० ओळखणारा आहे का ते विचारा, कारण अपडेट करायला तुमच्याकडे जुना रायझन नसणार.