‘ब्रेस’ला मराठीत काय म्हणावं? ‘दस्ता’ चालेल का?

शाईचा_डाग :
अमेरिकेतल्या बंदूक-कायद्यावरच्या एका लेखाचं मराठी करते आहे. ‘स्टॉक’ला मी ‘दस्ता’ लिहिलं, त्याला कुणाची हरकत नसावी. ‘बंदुकीच्या दस्त्याने मारलं’ हे आपण सगळेच वाचत आलो. अडलं ते ‘पिस्टल ब्रेस’पाशी. ब्रेस म्हटलं की आपल्याकडे दातांची तार आठवते. संपादकांनी सरळ दोन्हीकडे ‘दस्ता’ करून टाकलं. म्हणे वाचकाला काय फरक पडतो. पडतो का?

डॅलसकर :
ताई, पडतो. तिथे तो दहा वर्षांच्या तुरुंगवासाइतकाही पडू शकतो!
१९३४च्या नॅशनल फायरआर्म्स अ‍ॅक्टनुसार १६ इंचांपेक्षा आखूड नळीची रायफल ही खास नोंदणीची वस्तू. शॉटगनसाठी ही मर्यादा १८ इंच. पिस्तुलाची नळी मात्र कितीही आखूड चालते. मग प्रश्न उरतो, रायफल कशाला म्हणायचं? जे हत्यार खांद्याला लावून डागण्यासाठी घडवलेलं आहे आणि तोच ज्याचा उद्देश आहे, ते. म्हणजे १० इंची नळीच्या हत्याराला मागे स्टॉक लावला की ती आखूड रायफल. तीच नळी, तेच यंत्र, आणि मागे हाताला बांधायचा पट्टा असेल तर पिस्तूल. या पट्ट्याचं नाव ब्रेस. २०१२च्या सुमारास एका अपंग माजी सैनिकाला जड पिस्तूल एका हाताने धरता यावं म्हणून तो निघाला. दोन्हीकडे ‘दस्ता’ लिहिलंत तर खटला कशावरून झाला तेच वाचकाला कळणार नाही.

ठासणीची_बंदूक :
‘दस्ता’ची गंमत वेगळीच आहे. मूळ फारसी ‘दस्त’, म्हणजे हात. खलबत्त्याचा दस्ता, कागदाचा दस्ता, दस्तक, दस्तुरखुद्द, सगळीकडे हातच. बंदुकीचा जो भाग *खांद्याला* टेकतो त्याला आपण हातावरून नाव दिलंय. वर पिस्तुलाच्या मुठीलाही बातमीदार ‘दस्ता’च लिहितात. तेव्हा तुमचे संपादक व्युत्पत्तीच्या बाजूने बरोबर आहेत हो. हाताला बांधायची वस्तू ती ब्रेस, आणि हातावरून आलेला शब्द तो दस्ता!

डॅलसकर :
व्युत्पत्ती कोर्टात चालत नाही. पण मजा अशी, की अमेरिकी कायद्याच्या भाषेतही हाच घोळ आहे. तिथल्या नियमांत पिस्तुलाच्या व्याख्येत ‘एका हातात धरायचा आखूड स्टॉक’ असाच शब्द येतो. म्हणजे इंग्रजीतही मूठ आणि दस्ता दोन्ही स्टॉकच. वेगळं काढतो तो ‘एका हातात’ आणि ‘खांद्यावरून’ एवढाच भाग. माझं मत विचाराल तर ‘खांदादस्ता’ असा शब्द करा. कानाला खटकेल, पण कायदा नेमका तिथेच आहे.

वकीलवाडा :
‘खांदादस्ता’ला माझी संमती. आता ‘रिडिझाइन’ या शब्दाचं काय करणार ते सांगा. मला त्यात खरी मेख दिसते. रायफलच्या व्याख्येत ‘घडवलेलं किंवा पुन्हा घडवलेलं’ असं आहे. जानेवारी २०१५मध्ये तिथल्या एटीएफ या, बंदूक-कायदा राबवणाऱ्या संघीय खात्याने खुलं पत्र काढलं, की ब्रेस खांद्याला लावून गोळी झाडलीत तर तुम्ही हत्यार ‘पुन्हा घडवलं’. एक स्क्रू हलवलेला नाही, कानस लावलेली नाही, फक्त टेकवण्याची जागा बदलली. याला मराठीत ‘पुनर्रचना’ म्हणवेल? आमच्याकडे स्वयंपाकघरातलं लाटणं पाठीत घातलं तर लाटण्याची पुनर्रचना होत नाही, ते लाटणंच राहतं. २०१७मध्ये खात्यानेच हे मत बरंचसं मागे घेतलं.

शाईचा_डाग :
मी तिथे ‘रूपांतर’ लिहिलंय. चुकलं?

वकीलवाडा :
रूपांतरात रूप बदलावं लागतं. इथे भांडणच त्यावरून होतं, म्हणून तो शब्द एका बाजूला झुकतो. ‘पुन्हा घडवणे’ असंच ओबडधोबड ठेवा. अनुवादकाने निकाल देऊ नये.

कोपरखळी :
कायद्याचं मला कळत नाही, पण ब्रेससाठी ‘वाकी’ कशी वाटते? हातावरच असते.

ठासणीची_बंदूक :
वाकी दंडावर, ब्रेस कोपराच्या पुढे. त्यापेक्षा दांडपट्टा आठवा. त्याच्या मुठीवर लोखंडी खोबळा असतो, त्यात हात जातो आणि वरच्या पट्टीने पाता हाताशी जखडला जातो. शस्त्र हाताला बांधण्याची कल्पना आपल्याला नवी नाही. ‘खोबळा’ घ्या!

डॅलसकर :
खोबळ्यात मूठ झाकली जाते, ब्रेसमध्ये मूठ मोकळी असते. ‘हातपट्टा’ बरा.

आता ‘ग्रिप’कडे वळा, कारण ताईंच्या लेखात तीही येणारच. पिस्तुलाच्या नळीखाली उभी पुढची मूठ लावली, की खात्याच्या मते ते एका हातात धरायचं राहत नाही. मग ते पिस्तूल नाही. खांद्याला लावत नाहीत, म्हणून रायफलही नाही. त्याची रवानगी ‘एनी अदर वेपन’ या वर्गात, आणि नोंदणीशिवाय जवळ ठेवलं तर गुन्हा. मूठ तिरकी असेल तर सहसा ही अडचण येत नाही. आणि हत्याराची एकूण लांबी २६ इंच वा जास्त असेल, ते लपवून नेत नसाल, तर उभी मूठही चालते. काही अंशांच्या कोनावर हा खेळ आहे. म्हणून नुसतं ‘मूठ’ लिहू नका. मागची मूठ आणि पुढची उभी मूठ हे वेगळं दिसलं पाहिजे.

कोपरखळी :
‘एनी अदर वेपन’ म्हणजे ‘इतर कोणतेही शस्त्र’? मग आमचं लाटणं त्यात बसतं.

वकीलवाडा :
बसत नाही, म्हणून तर शब्दशः भाषांतर फसतं. तो उरल्यासुरल्यांचा बंदिस्त वर्ग आहे. ‘संकीर्ण शस्त्र’ म्हणता येईल. त्याहून मोठा सापळा ‘फायरआर्म’चा. १९३४च्या कायद्यात साधं पिस्तूल ‘फायरआर्म’ नाही, पण सायलेन्सर आहे! १९६८च्या गन कंट्रोल अ‍ॅक्टमध्ये मात्र दोन्ही आहेत. सगळीकडे ‘अग्निशस्त्र’ लिहीत गेलात तर एका परिच्छेदात पिस्तूल अग्निशस्त्र असेल आणि पुढच्यात नसेल. पहिल्या कायद्यापुरतं ‘नोंदणीपात्र शस्त्र’ करा.

शाईचा_डाग :
हे सोनं दिलंत. एक शेवटचं. लेखात १९९२च्या थॉम्प्सन/सेंटर खटल्याचा उल्लेख आहे. पिस्तुलासोबत रायफल करायचा संच विकला, तर आखूड रायफल ‘बनवली’ असं म्हणायचं का, असा वाद. कंपनीच्या बाजूने निकाल लागला. मी ‘संशयाचा फायदा’ लिहिलं.

वकीलवाडा :
नको. संशयाचा फायदा पुराव्याच्या बाबतीत, म्हणजे आरोपीने ते केलं की नाही याची खात्री नसते तेव्हा. इथे काय केलं ते सगळ्यांना ठाऊक होतं. ‘बनवणे’ या शब्दाचाच अर्थ धूसर होता. ‘संदिग्धतेचा फायदा’ लिहा.
आणि आपल्या वाचकासाठी तळटीप टाकणार असाल तर आपल्याकडचं सोपं आहे. शस्त्र अधिनियम, १९५९चं कलम ६ : परवान्याशिवाय बंदुकीची नळी आखूड करायची नाही. आपला कायदा तिथे कानशीकडे बघतो, खांद्याकडे नाही.

डॅलसकर :
लेख जुना असेल तर आकडे तपासा. ब्रेसवाली बहुतेक पिस्तुलं आखूड रायफलीत ढकलणारा नियम २०२३च्या जानेवारीत आला आणि जून २०२४मध्ये टेक्सासच्या संघीय न्यायालयाने रद्दबातल ठरवला. आखूड रायफल बनवण्यावरचा २०० डॉलरचा कर १ जानेवारी २०२६पासून शून्यावर आला, पण नोंदणी आहेच. आधी मंजुरी, मग पाना. राज्यांचे कायदे निराळे, कॅलिफोर्नियात सामान्य माणसाला आखूड रायफल ठेवताच येत नाही. ‘करमुक्त’ लिहा हवं तर, ‘मुक्त’ लिहू नका.

शाईचा_डाग :
संपादकांना फोन केला. ‘खांदादस्ता’ मान्य, ‘हातपट्टा’ मान्य. ‘पुढची उभी मूठ’ लांब वाटते म्हणाले. मी म्हटलं, २६ इंचांपेक्षा कमीच आहे.