प्रतिसाद: अल्फा किती ठेवायचा?

वर विचारलंय की लहान कोनात विखुरलेल्या क्ष-किरणांच्या मोजमापातून पी(आर)चा वक्र, म्हणजे रेणूतल्या बिंदूंच्या जोड्यांमधली अंतरं किती वेळा येतात त्याचा आलेख, काढताना अल्फा वाढवला की तो छान गुळगुळीत येतो, मग अल्फा भरपूरच का ठेवू नये? अहो, वक्राला आवर घालणाऱ्या टिखोनोव्हच्या गणिती पद्धतीत अल्फा म्हणजे मोजमापाशी जुळणं आणि गुळगुळीतपणा यांतली तडजोड. फार वाढवलात तर डंबेलसारख्या प्रथिनाच्या वक्रातला दुसरा उंचवटाही इस्त्री फिरवल्यासारखा सपाट होतो. कमी ठेवलात तर नॉइजच्याच लाटा दिसतात.

माझ्या मते अल्फापेक्षा डीमॅक्स, म्हणजे रेणूची कमाल लांबी, जास्त फसवतो. तो कमी धरला की वक्र शेवटी शून्यावर धाडकन आपटतो. १९७७ साली ग्लाटरने अप्रत्यक्ष फूरिये रूपांतर (मोजमापावरून पी(आर) काढायची पद्धत) मांडलं, त्यातही ही कमाल लांबी आधी आपणच सांगायची असते. आणि हिशेब करून बघा: डीमॅक्स १०० अँगस्ट्रॉम, क्यू (किरण किती कोनात विखुरले ते सांगणारा आकडा) ०.३ प्रति अँगस्ट्रॉमपर्यंत, दोन्हींचा गुणाकार भागिले पाय, म्हणजे स्वतंत्र माहिती जेमतेम साडेनऊ आकड्यांची. डिटेक्टरने हजार बिंदू दिले तरी!