किनाऱ्यावरच्या व्हिडिओंसाठी वायरलेस माइक कोणता घ्यावा? बजेट १२ हजार, मुक्काम हर्णै

बंदरावरची

नमस्कार मंडळी. मी हर्णैची. बंदरावरची माणसं, मासळीचा लिलाव, घरातली जुनी कालवणं असे व्हिडिओ मोबाईलवर करते. चित्र बरं येतं, पण आवाजापायी सगळ्यावर पाणी पडतं. तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, जीव तोडून सांगत असतो आणि बघणाऱ्याला ऐकू येते ती वाऱ्याची घरघर आणि इंजिनाचा ठोका. कोणत्या वाऱ्याला कुठली मासळी लागते, खडक कुठे आहे ते किनाऱ्यावरच्या कुठल्या खुणा जुळवून ओळखायचं, हे त्यांच्याकडून ऐकायला मिळतं आणि ते कुठे लिहून ठेवलेलं माझ्या तरी पाहण्यात नाही. सांगणारे सत्तरीच्या पुढचे आहेत. म्हणून आता आवाजाचं काम नीट करायचं ठरवलंय.

फोन अँड्रॉइड आहे, टाइप-सी पिनचा. पुढेमागे कॅमेराही घेईन. दोन माणसं एकमेकांशी बोलतील असा सेट हवा. डीजेआय माइक मिनी, हॉलीलँड लार्क एम२ आणि रोड कंपनीचे माइक ही नावं सगळीकडे दिसतात. जेट्टीवरून होडीपर्यंत शूट करायचं असतं, तर पल्ला बघून घ्यावा का? की ऑनलाइन हजार-दीड हजाराला मिळतात ते चालून जातील?

लग्नसराई_चिपळूण

ताई, हजार-दीड हजारवाले नकोत. त्यातल्या बहुतेकांत आवाजाची पातळी कमी-जास्त करायची सोय नसते आणि आवाज आपोआप साफ करायची करामत आत कायमची चालू असते. बंद खोलीत ठीक वाटतात. लिलावाच्या गर्दीत माणूस डब्यातून बोलल्यासारखा येतो.

मिनी आणि एम२ दोन्ही चांगले. मिनीचा ट्रान्समीटर, म्हणजे माणसाच्या अंगावर लावायचा माइक, १० ग्रॅमचा, एम२चा ९ ग्रॅमचा, म्हणजे म्हाताऱ्या माणसाच्या सदऱ्याची कॉलर ओढली जात नाही. फरक रिसीव्हरमध्ये, म्हणजे आवाज पकडून फोनला देणाऱ्या तुकड्यात आहे. मिनीचा एकच रिसीव्हर अडॅप्टर लावून फोनला आणि केबल लावून कॅमेऱ्याला, दोन्हीकडे चालतो. एम२ वेगवेगळ्या सेटमध्ये विकतात. काहींत फक्त फोनचा रिसीव्हर असतो, काहींत कॅमेऱ्याचा, काहींत दोन्ही. तुम्हाला पुढे कॅमेरा घ्यायचाय, तर फक्त फोनवाला सेट स्वस्त दिसला म्हणून उचलू नका.

पल्ल्याबद्दल सांगायचं तर कंपनी मिनीला ४०० मीटर सांगते, एम२ला ३००. ते आकडे मोकळ्या मैदानात, मध्ये काही आडवं नसतानाचे. हे सगळे २.४ गिगाहर्ट्झवर चालतात आणि त्या लहरी पाण्यात शोषल्या जातात. माणसाच्या अंगात पाणीच जास्त. त्यामुळे छातीला माइक लावलेला माणूस तुमच्याकडे पाठ करून उभा राहिला की जवळूनसुद्धा आवाज तुटायला लागतो. तेव्हा पल्ल्यासाठी जादा पैसे टाकू नका. माइक तुमच्याकडच्या खांद्यावर लावा आणि रिसीव्हर खिशात न ठेवता फोनवर उघडा राहू द्या.

रापणकार_देवबाग

बरां काम करतंस गो. माका आवडलां.

मी तारकर्ली-देवबाग बाजूला शूट करतो, त्यामुळे माझा सगळा झगडा वाऱ्याशी. माझं मत विचारशील तर तू कुठला माइक घेतेस यापेक्षा त्यावर काय चढवतेस आणि कुठल्या वेळी शूट करतेस, यावर जास्त अवलंबून आहे.

वाऱ्याचा जो भसाभस आवाज येतो तो लांबून आलेला आवाज नव्हे. वारा थेट माइकच्या पडद्यावर आपटतो आणि तिथेच तयार होतो. एकदा त्याने आवाज फाटला की कुठलंही सॉफ्टवेअर तो शिवून देत नाही. काळा स्पंज घरातल्या पंख्यापुरता. किनाऱ्यावर केसाळ फरच पाहिजे, आणि तिचे केस मोकळे असायला हवेत. खारी हवा आणि घाम लागून केस चिकटले की फर नुसती नावाला उरते. गोड्या पाण्यात हलकी खळबळून सावलीत सुकव आणि बोटांनी केस फुलव. या दोन्ही सेटच्या डब्यात फर येते, तरी एक जोडी जादा घेऊन ठेव. होडीत बसताना निघाली तर गेलीच समज.

दुसरी गोष्ट वेळेची. दिवसा समुद्राकडून खारे वारे येतात, रात्री जमिनीकडून मतलई. सकाळी दोन्हींच्या मधे वारा पडलेला असतो. मुलाखत तेव्हाच उरकायची. उन्हं चढली की वारा वाढत जातो आणि दुपारी तर बघायलाच नको. दुपारीच शूट करणं भाग असेल तर माणसाची पाठ समुद्राकडे कर. मागे समुद्र दिसतो, तुला हवी तीच फ्रेम मिळते, आणि वारा पाठीवर आल्यामुळे छातीवरचा माइक आडोशाला राहतो. लोक नेमकं उलटं करतात. माणसाला समुद्राकडे तोंड करून उभं करतात आणि वर माइकला नावं ठेवतात.

लाटांचा आवाज आला तर येऊ दे. तो जागेचा आवाज आहे. नॉइज कॅन्सलचं बटण किनाऱ्यावर दाबू नकोस. लाटेच्या आवाजात वरखाली सगळेच सूर असतात, त्यामुळे तो काढता काढता माणसाच्या बोलण्यातले स, श, ह पण कापले जातात. लो-कटची, म्हणजे खालचे जाड सूर कापायची सोय असेल तर ती मात्र चालू ठेव, इंजिनाची घुमघुम थोडी उतरते.

ओटीजी_रत्नागिरी

एक छोटी पण अडवणारी गोष्ट. काही फोनमध्ये, विशेषतः ओप्पो, विवो, रियलमी, वनप्लसच्या बऱ्याच मॉडेलांत, सेटिंगमध्ये जाऊन ओटीजी, म्हणजे चार्जिंगच्या पिनला बाहेरचं उपकरण जोडायची सोय, चालू करावं लागतं आणि वापर नसेल तर थोड्या वेळाने ते आपोआप बंद होतं. रिसीव्हरवर दिवा लागलेला असतो आणि फोन मात्र स्वतःच्याच माइकवर रेकॉर्ड करत बसतो. काही फोनांचा मूळ कॅमेरा ॲप बाहेरचा माइक घेतच नाही. ओपन कॅमेरा हे फुकट ॲप आहे, त्यात आवाजासाठी बाहेरचा माइक निवडता येतो. ब्लॅकमॅजिकचं कॅमेरा ॲप तुमच्या फोनवर चालत असेल तर त्यात आवाजाच्या पट्ट्याही हलताना दिसतात.

खात्री करायची सोपी रीत म्हणजे रेकॉर्डिंग चालू करून ट्रान्समीटरवर नखाने हलकं टकटक करायचं, मग फोनवर. मोठा ठोका कुठला आला ते इअरफोन लावून ऐका. शूटला हात घालण्याआधी प्रत्येक वेळी.

बंदरावरची

सगळ्यांचे खूप आभार. समुद्राकडे पाठ करायचं तर इतकं साधं आहे, उद्याच करून बघते.

दोन शंका. लुगडं नेसलेल्या बायकांना माइक लावायचा कुठे? पदराला लावला की सळसळ येते. आणि आमच्या एका काकांना पेसमेकर आहे. या माइकांना मागून लोहचुंबक असतं असं वाचलं, ते चालेल का?

लग्नसराई_चिपळूण

काकांना चुंबक अजिबात लावू नका. जोरदार चुंबक पेसमेकरच्या अगदी जवळ आलं तर त्याचं काम तेवढ्यापुरतं बदलू शकतं. साधारण १५ सेंटीमीटर अंतर राखायला सांगतात, आणि छातीवर माइक लावताना ते राहणारच नाही. क्लिपवाला पर्याय घ्या. क्लिपमध्येही चुंबक दडलेलं नाही ना ते टाचणी धरून बघा. तशातही त्यांच्या डॉक्टरांना विचारूनच लावा. नाहीतर माइक टेबलावर समोर ठेवा आणि खुर्ची जवळ ओढा.

लुगड्याचं असं की पदर सतत हलतो, सावरला जातो. माइक चोळीच्या काठाला लावा, हनुवटीपासून वीतभर खाली, आणि पदर त्याच्यावर येऊ देऊ नका. खरी कटकट मंगळसूत्राची होते. बाई बोलता बोलता पुढे झुकली की वाट्या माइकवर आपटतात आणि टक टक असा आवाज येतो. तो आवाज नेमका शब्दावर पडतो, कापताही येत नाही. माइक वाट्यांच्या रेषेतून चार बोटं बाजूला सरकवा. दागिने काढायला सांगू नका, त्यांना अवघडल्यासारखं होतं आणि मग बोलणंही अवघडतं.

रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढताना, उघड्या अंगाची माणसं असतील तर टोपीच्या कडेला लावा, तोंडाजवळ राहतो.

पेटीमागचा_कुडाळ

मी दशावताराच्या रात्री रेकॉर्ड करतो. इथे अजून कोणी बोललं नाही, म्हणून लिहितो. माइक घेताना ट्रान्समीटर स्वतःच्या पोटात रेकॉर्ड करतो का, हे बघा. मिनी आणि एम२ दोन्ही करत नाहीत. डीजेआय माइक २ आणि रोड वायरलेस गो २ करतात. हवेतला सिग्नल तुटला तरी माइकमध्ये अख्खा आवाज शाबूत असतो. माइक २ आणि रोड वायरलेस प्रो यांत ३२ बिट फ्लोट रेकॉर्डिंगही आहे, म्हणजे माणूस कुजबुजला काय आणि ओरडला काय, पातळी मागाहून सावरता येते. दशावतारात राक्षस प्रवेश करतो आणि झांजा, पखवाज एकदम चढतात, तेव्हा ही सोय काय असते ते कळतं. पण माइकच्या आतल्या पडद्यालाच पेलणार नाही एवढा आवाज झाला तर ३२ बिटसुद्धा काही करू शकत नाही, हेही लक्षात ठेवा.

लिलावात असंच होतं. बोली बोलणारा आधी हळू असतो आणि मग अचानक चढतो. म्हणून गेन, म्हणजे आवाज आत घेण्याची पातळी, कमी ठेवा. हळू आवाज वाढवता येतो, फाटलेला सांधता येत नाही. सेफ्टी ट्रॅकची सोय असेल तर तोच आवाज कमी पातळीवर दुसऱ्या ट्रॅकवर येतो, ती चालू ठेवा.

बंदरावरची

पण दादा, माइक २ माझ्या बजेटच्या बाहेर जातोय. जुना वायरलेस गो २ घेऊ का?

पेटीमागचा_कुडाळ

गो २ हा २०२१ सालचा. बॅटरी आतच बंद केलेली असते, सहज बदलता येत नाही. कंपनी सात तास सांगायची. विकणाऱ्याला तुमच्यासमोर तास-दोन तास चालवून दाखवायला सांगा. तयार नसेल तर सोडून द्या.

त्यापेक्षा स्वस्तातला उपाय सांगतो, आणि होडीसाठी मी स्वतः हाच करेन. बोया बीवाय-एम१ हा वायरचा कॉलर माइक घ्या, जवळजवळ सहा मीटर वायर येते. घरातला ३.५ मिमी जॅकचा जुना फोन काढा, त्यात रेकॉर्डर चालू करा, फ्लाइट मोडवर टाका, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तांडेलाच्या खिशात द्या. माइकच्या डबीवरचं बटण मोबाईलच्या बाजूला हवं. सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक जोरात टाळी वाजवायची आणि एडिटिंगला त्या टाळीवर दोन्ही आवाज जुळवायचे. होडी कितीही लांब जाऊ दे, सिग्नल तुटायला सिग्नलच नाही. जेट्टीवरून होडीपर्यंतचा तुमचा प्रश्न इथे संपला.

रापणकार_देवबाग

याला माझं पूर्ण अनुमोदन. आणि जूनमध्ये मासेमारी बंदी लागली की खलाशी घरी असतात, जाळी दुरुस्त करत बसलेले. लांब गप्पा तेव्हाच निघतात. त्या बैठ्या मुलाखतींना वायरलेस लागतच नाही, वायरचा माइक पुरे. फक्त पत्र्याच्या पडवीत बसू नका, पावसाचा ताशा सुरू झाला की काही ऐकू येणार नाही. मातीच्या भिंतींचं माजघर उत्तम. फरशीच्या नव्या खोलीत आवाज घुमतो, तिथे दोन-चार गोधड्या कॅमेऱ्यामागे टांगा.

दमट_हवा

सामान कसं जपायचं ते मी सांगते, गुहागरला राहते. चार्जिंग केसमधल्या पितळी टाचण्या आणि ट्रान्समीटरखालचे ठिपके यांवर खाऱ्या हवेने हिरवट थर धरतो. मग माइक केसमध्ये ठेवला तरी चार्ज होत नाही आणि लोकांना वाटतं बॅटरी गेली. शूटवरून आल्यावर जेमतेम ओलसर कापडाने पुसायचं, लगेच कोरड्या कापडाने, आणि पूर्ण सुकल्यावरच केसमध्ये ठेवायचं. ओल्या हाताने आत टाकलं की केस बंद असूनही आत ओल कोंडते. मग केस घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिका जेल. रंग बदलणारे दाणे घ्या, म्हणजे ते ओले झाल्याचं दिसतं आणि गरम करून पुन्हा वापरता येतात. पावसाळ्यात महिनाभर वापर नसला तरी डबा उघडून सेट चालवून बघा.

बंदरावरची

ठरलं मग. दोन ट्रान्समीटरचा मिनी, जादा फर, आणि होडीसाठी बोया. जुना फोन घरात आहे. पेसमेकरवाल्या काकांसाठीही बोयाच, साध्या क्लिपने, डॉक्टरांना विचारून. एकच राहिलं. ऑनलाइन घेऊ की रत्नागिरीत दुकानातून?

ओटीजी_रत्नागिरी

जिथे पक्कं जीएसटी बिल मिळेल तिथून. आणि वॉरंटी कंपनीची की आयात करणाऱ्याची, हे बिलावर लिहून घ्या, कारण बिघडल्यावर सेट कुठे पाठवायचा ते त्यावरच ठरतं. दुकानातून घेतलात तर स्वतःचा फोन घेऊन जा, तिथेच जोडा, दोन्ही ट्रान्समीटर लावून दुकानाबाहेर रस्त्यावर चालत जा आणि रेकॉर्डिंग ऐका. ऑनलाइन मागवलात तर परत करायच्या मुदतीतच बंदरावर नेऊन बघा, घरात नको.