लिटल फ्रँकीची कुस्ती: दया दाखवून आपण त्याचं काम काढून घेतलं का?

कृष्णाकाठ (मूळ धागा)

डंप मात्सुमोतो या जपानी महिला पैलवानावरची २०२४ ची नेटफ्लिक्स सिरीज बघितली आणि मग जपानच्या बायकांच्या कुस्तीच्या जुन्या क्लिपा शोधत बसलो, त्यात लिटल फ्रँकी हा बुटका पैलवान सापडला. उंचीने रेफरीच्या कमरेएवढा, पण अंग काय चपळ! दोरांवरून परत येतो, रेफरीच्या दोन पायांमधून सटकतो आणि समोरच्याच्या छातीवर सरळ ड्रॉपकिक, म्हणजे उडी मारून दोन्ही पायांची लाथ. समोर त्याचा नेहमीचा जोडीदार त्सुनोकाके तोमेझो, तोही बुटकाच, आणि तो असा काही पडतो की पडणं हीसुद्धा एक विद्या आहे हे पटतं.

ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९६८ मध्ये मात्सुनागा भावांनी ऑल जपान विमेन्स ही बायकांच्या कुस्तीची कंपनी काढली. ७० च्या दशकात ब्युटी पेअर ही जोडी, ८० च्या दशकात चिगुसा नागायो आणि लायनेस असुका यांची क्रश गॅल्स, शाळकरी पोरी वेड्यासारख्या ओरडायच्या. याच कार्यक्रमात एक लढत बुटक्या पैलवानांची असायची. बायकांच्या लढती फुजी टीव्हीवर गेल्या, फ्रँकी आणि मंडळी बहुतेक हॉलमधल्या प्रेक्षकांपुरतीच राहिली. टीव्हीवर आली तेव्हा म्हणे तक्रारी यायच्या, बिचाऱ्यांना असं दाखवू नका म्हणून. २००२ मध्ये फ्रँकी गेला, २००५ मध्ये कंपनीच बंद पडली आणि नंतर मिस्टर बुद्दामॅन आणि प्रिटी ओता असे जेमतेम दोघंच बुटके पैलवान उरले.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. या माणसांना रिंगमधून प्रेक्षकांनी घालवलं नाही, प्रेक्षक तर हसत होते, टाळ्या वाजवत होते. त्यांना घालवलं ते घरी बसून कीव करणाऱ्यांनी. ज्याची कीव केली त्याला मात्र कोणी विचारलं नाही.

सई_एम

साफ असहमत. प्रेक्षक हसत होते हाच तर प्रॉब्लेम आहे ना. कशाला हसत होते? डावाला की उंचीला? तुम्ही स्वतः लिहिताना सुरुवात "रेफरीच्या कमरेएवढा" इथून केलीत, ड्रॉपकिक नंतर आली. आणि प्रोग्रॅममध्ये त्यांची जागा बघा, मोठ्या लढतींच्या आधी वातावरण हलकं करायला. पोस्टरवर चेहरा चिगुसाचा. एखाद्या माणसाला आयुष्यभर दुसऱ्यांच्या शोमधला विनोदी तुकडा म्हणून वापरायचं आणि वर म्हणायचं की त्याला आवडतं!

कृष्णाकाठ

@सई_एम उंचीला हसत होते हे मान्यच आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण ते हसू कधी यायला हवं, किती वेळ थांबवायचं, कुठल्या क्षणी मोकळं करायचं हे सगळं फ्रँकीच्या हातात होतं. आपल्या तमाशात सोंगाड्याला लोक हसतात तेव्हा त्याला बिचारा म्हणत नाही कोणी, टायमिंग बघा म्हणतात. रस्त्यावर जाताना पोरं मागून हसतात ते वेगळं आणि तिकीट काढून आलेल्या लोकांना आपण ठरवू तेव्हा हसवणं वेगळं. पहिलं त्याच्यावर लादलेलं होतं, दुसरं त्याने कमावलेलं.

डॉ_सांगलीकर

मला दोघांचंही बोलणं थोडं हवेत वाटतंय, शरीराबद्दल कोणी बोलतच नाही. बुटकेपणाचं सगळ्यात जास्त आढळणारं कारण अकॉन्ड्रोप्लेशिया, एफजीएफआर३ नावाच्या जीनमधला बदल, हे १९९४ मध्ये सापडलं. यातली साधारण ८० टक्के मुलं नेहमीच्या उंचीच्या आईबापांना होतात. या लोकांचा मणक्यातला कॅनाल, म्हणजे मज्जारज्जूची पोकळी, मुळातच अरुंद असतो. तिशी-चाळिशीनंतर पाय बधिर होणं, थोडं चाललं की बसावं लागणं, लघवीवरचा ताबा जाणं, हे प्रकार नेहमीच्या माणसापेक्षा कितीतरी जास्त. आता अशा पाठीवर वर्षानुवर्षं, गावोगावच्या दौऱ्यात, रिंगच्या फळ्यांवर आपटून घ्यायचं. निकाल आधी ठरलेला असेल, नुरा कुस्ती म्हणा हवं तर, पण पाठ खरीच आपटते. कुणाचा अपमान झाला यापेक्षा मला हे विचारायचंय की म्हातारपणी त्यांचा एमआरआय कोण काढून देत होतं?

सई_एम

+१ डॉक्टर. मी हेच म्हणणार होते. विनोदाची किंमत तो भरतो आणि गल्ला कंपनीचा.

पश्चिमवारा

फ्रान्सची केस कुणालाच आठवली नाही का? मान्युएल वाकेनहाइम नावाचा बुटका माणूस, याला हेल्मेट आणि पॅडिंग घालून गादीवर फेकायचे, डिस्कोथेकमध्ये. मोर्सां-सूर-ओर्ज या गावच्या महापौराने बंदी घातली, तो कोर्टात गेला, १९९५ मध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने बंदी योग्य ठरवली, मानवी प्रतिष्ठा हा सार्वजनिक सुव्यवस्थेचाच भाग आहे म्हणून. मग हा गडी संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीकडे गेला आणि २००२ मध्ये तिथेही हरला. त्याचं म्हणणं असं होतं की माझ्यासारख्याला इथे दुसरं काम मिळत नाही आणि हाताला काम असणं हीच माझी प्रतिष्ठा. मला कायम वाटत आलंय की त्या खटल्यात सगळ्यात सरळ बोलणारा माणूस तोच होता.

सई_एम

@पश्चिमवारा तुमचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे हो! "दुसरं काम मिळत नाही" हे तो स्वतः म्हणतोय. मग ती निवड कसली? दारं सगळी बंद करायची, एक उघडं ठेवायचं आणि म्हणायचं बघा, स्वतःच्या पायाने गेला.

पश्चिमवारा

@सई_एम बरोबर, पण कोर्टाने काय केलं? बाकीची दारं उघडली नाहीत, उघडं होतं तेवढं लावून घेतलं. बंदी घालणाऱ्याने दुसऱ्या दिवशी त्याला नोकरी दिली असती तर मी गप्प बसलो असतो.

कृष्णाकाठ

आणि एक फरक ठेवा राव. वाकेनहाइमला दुसरे फेकत होते, तो नुसता फेकला जात होता. फ्रँकी स्वतः डाव करत होता. १९९२ मध्ये मोरी तात्सुया या दिग्दर्शकाने फुजी टीव्हीसाठी या पैलवानांवर माहितीपट केला होता, त्याने त्यांच्याकडे कलाकार म्हणून बघितलं. मेक्सिकोत तर मास्कारिता साग्रादासारख्या बुटक्या पैलवानाला मुखवट्यासकट डोक्यावर घेतलं लोकांनी, तिथे ते उड्या मारणारे खरे लुचादोर, म्हणजे पैलवान आहेत. अमेरिकेत हॉर्नस्वॉगल या बुटक्या पैलवानाला २००७ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूई या कुस्ती कंपनीने क्रूझरवेट (हलक्या वजनाच्या) गटाचा पट्टा दिला, पण तो गंमत म्हणूनच दिला आणि पुढे तो किताबच गुंडाळला, त्याचा मलाही रागच आहे. म्हणजे एकच खेळ, पण तो बसवणाऱ्याची नियत वेगळी. जपानवाले या दोघांच्या मध्ये कुठेतरी होते आणि मला वाटतं मेक्सिकोच्या जास्त जवळ.

अनघा_पुणे

मला कळत नाही कुस्तीच कशाला. पॅरिसला २०२४ च्या पॅरालिम्पिकमध्ये नवदीप सिंगने एफ४१ या बुटक्या खेळाडूंच्या गटात भाला ४७.३२ मीटर फेकला, सुवर्ण आणलं, अख्खा देश नाचला. तिथे कुणी उंचीला हसलं का? आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग कायद्यात बुटकेपणा हे २१ प्रकारांपैकी एक म्हणून धरलंय, १४७ सेंटीमीटर किंवा कमी. आता मार्ग आहेत. खेळायचं तर असं खेळा.

कृष्णाकाठ

@अनघा_पुणे नवदीपला सलाम, पण सगळ्यांनाच भाला फेकायचा नसतो ना. काहींना लोकांना हसवायचंच असतं! नेहमीच्या उंचीच्या माणसाला आपण म्हणतो का की विनोदी नट होऊ नकोस, प्रतिष्ठा जाईल, त्यापेक्षा भालाफेक कर? बुटक्या माणसाने मात्र एकतर पदक आणून प्रेरणा द्यायची नाहीतर नजरेआड राहायचं. हा कुठला न्याय?

सई_एम

@कृष्णाकाठ हे पटण्यासारखं लिहिलंय, तरी माझा मुद्दा तिथेच आहे. हसवायचं असेल तर हसवू दे, पण मग शोमध्ये शेवटची लढत त्याची ठेवा, पोस्टर त्याचं छापा, पैसे चिगुसाएवढे द्या आणि डॉक्टर म्हणतात तसा पाठीचा खर्च कंपनीने करा. हे सगळं न देता फक्त टाळ्या दिल्या आणि त्यालाच तुम्ही मान म्हणताय.

डॉ_सांगलीकर

@सई_एम शेवटच्या दोन ओळींना माझं पूर्ण अनुमोदन. फक्त पैसे आणि पाठ याबाबतीत ती कंपनी बायकांनाही फार काही देत नव्हती, पंचविशीत निवृत्त करायची पद्धत होती तिथे. त्या पोरी निदान गाणी, सिनेमा, दुसरी कंपनी असं काहीतरी करू शकल्या. चिगुसाने पुढे स्वतःची गाएआ जपान ही कुस्ती कंपनी काढली. फ्रँकीसारख्यांना कुठली कंपनी काढून द्यायला कोण पुढे आलं?

पश्चिमवारा

@डॉ_सांगलीकर कोणीच नाही. आणि त्यांना टीव्हीवर दाखवू नका म्हणून तक्रारी करणारे तर नाहीच नाही.