शब्दचर्चा : 'जास्त हिरवी केळी' आणि जर्मन रंगांची तर-तम रूपं

प्रश्न : जर्मनीत येऊन सहा महिने झाले, जर्मन भाषेची ए-टू पातळी संपत आली आहे. परवा आठवडी बाजारात केळी घेत होतो. हातातली फणी हिरवट होती, पण मला आठवडाभर टिकतील अशी, त्याहून कच्ची हवी होती. इंग्रजी 'मोअर'च्या सवयीने बाईंना म्हटलं, 'मेर ग्र्यूने बानानेन, बिट्टे.' त्यांनी तशीच आणखी एक फणी पिशवीत टाकली आणि पैसे सांगितले. चूक कळली, नियम नाही कळला. शिवाय तुलना करताना लाल आणि काळ्याच्या जर्मन शब्दांत स्वर बदलतो, मग निळ्याच्या का बदलत नाही?

उत्तर : बाईंचं काही चुकलं नाही. तुमचा 'मेर' केळ्यांना लागला, रंगाला लागलाच नाही. आपलं 'जास्त हिरवी केळी द्या' हेही तसं दोन्हीकडे झुकतं, आपण बोलण्याच्या हेलावरून निभावून नेतो. जर्मनमध्ये विशेषणालाच 'एर' चिकटतो आणि त्यापुढे लिंग-वचनाचा प्रत्यय येतो : ग्र्यून, ग्र्यूनर, ग्र्यूनरे बानानेन. 'मेर' चालतो तो एकाच वस्तूचे दोन रंग ताडून बघताना. हा शर्ट निळ्यापेक्षा करडाच जास्त, म्हणजे 'मेर ग्राउ आल्स ब्लाउ'.

स्वरबदलाला सगळे घाबरतात, पण माझ्या मते खरी गोची या 'एर'चीच आहे, कारण तो दोन घरी नोकरी करतो. 'आइन ग्र्यूनर आप्फेल' म्हणजे नुसतं हिरवं सफरचंद. तिथला 'एर' पुल्लिंगाचा. 'देर आप्फेल इस्ट ग्र्यूनर' म्हणजे सफरचंद अधिक हिरवं. इथला 'एर' तुलनेचा. अक्षरं तीच. ओळखायचं जागेवरून : क्रियापदाजवळच्या विशेषणाला जर्मनमध्ये लिंगाचा प्रत्यय लागत नाही, त्यामुळे तिथे 'एर' दिसला की तुलना समजावी. नामाच्या आधी तुलना करायची तर 'एर' दोनदा, 'आइन ग्र्यूनरर आप्फेल'. जीभ अडखळते, इलाज नाही. आणि इथे इंग्रजीवाल्यांपेक्षा आपण वेगळ्या ठिकाणी घसरतो. त्यांना विशेषण चालवायची सवयच नाही, म्हणून ते प्रत्यय विसरतात. आपण 'आंबा पिवळा आहे, कैरी हिरवी आहे' असं सगळीकडेच चालवतो, म्हणून नको तिथेही प्रत्यय लावून मोकळे होतो.

आता स्वर. नेहमीच्या रंगांत तो दोनच ठिकाणी बदलतो : श्वार्त्स, श्वेर्त्सर (काळा) आणि रोट, र्‍योटर (लाल). लालाचं न बदललेलं 'रोटर'ही शब्दकोशात आहे, पण चलनात जास्त 'र्‍योटर'. जुन्या जर्मनमध्ये तुलनेचे प्रत्यय दोन होते, 'इरो' आणि 'ओरो'. 'इरो'मधल्या 'इ'ने आधीच्या स्वराला आपल्याकडे ओढलं, 'ओरो'ने काही केलं नाही. पुढे दोन्ही झिजून 'एर' झाले, पण ओढल्याची खूण काही शब्दांत राहिली. इंग्रजीतल्या 'ओल्ड'चं 'एल्डर' हे त्याच ओढाताणीतून आलेलं. गंमत म्हणजे हा 'इरो' आपल्या 'उच्चतर'मधल्या 'तर'चा कोणी नाही. त्याचं नातं संस्कृत 'ईयस्'शी आहे, म्हणजे 'स्वर्गादपि गरीयसी'मधल्या प्रत्ययाशी.

ब्लाउ, ग्राउ, ब्राउन यांत 'आउ' आहे आणि तुलनेत तो तसाच राहतो : ब्लाउअर, ग्राउअर. पण आपल्या '-सर'सारखा 'लिश' लागला की तोच 'आउ' बदलतो : ब्लॉइलिश म्हणजे निळसर, ग्रॉइलिश म्हणजे करडसर. जपून वापरा. 1996 च्या शुद्धलेखन-सुधारणेपासून 'भयंकर, किळसवाणं' या अर्थाचा शब्दही 'ग्रॉइलिश' असाच, अक्षरन् अक्षर लिहिला जातो. कुणाच्या नव्या स्वेटरला 'ग्रॉइलिश' म्हणायचं म्हणजे धाडसच.

आणखी एक शंका : रोझा (गुलाबी) आणि लीला (जांभळा) या रंगांना आमच्या जर्मन शिकवणाऱ्या बाई प्रत्ययच लावू देत नाहीत. 'आइन रोझा क्लाइट' (गुलाबी झगा), बस. का?

उत्तर : हे मराठी माणसाला तरी विचारावं लागू नये! काळा घोडा, काळी घोडी. पण लाल घोडा, लाल घोडी. गुलाबीचंही तेच. आपल्याकडे आकारान्त विशेषणं चालतात, बाकीची जागची हलत नाहीत. तिकडे बाहेरून आलेले रोझा, लीला, ओरांझ हे प्रमाण भाषेत अविकारी राहिले. बोलताना लोक मधे 'न' घुसवून 'रोझाने', 'लीलाने' करतात. परीक्षेत लिहू नका. यांची तुलनाही कुणी सहसा करत नाही. फिकट-गडदवर भागवतात : हेलर, डुंकलर. ('डुंकेल'मधला 'ए' तिथे गळतो.)

आणि हे पाहुणे अगदीच परके नाहीत. 'लीला' फ्रेंचमधून आला, त्यामागे अरबी, त्यामागे फारसी आणि मुळाशी आपला 'नील'. 'ओरांझ'च्या मुळाशी 'नारंग', म्हणजे घरातली नारिंगीच. भगवंताच्या लीलेशी मात्र त्या लीलाचा काही संबंध नाही, कुणी सांगितलं तर ऐकू नका.

मूळ प्रश्नकर्ता : आभार. आज नीट 'हाबेन झी ग्र्यूनरे?' विचारलं. बाई म्हणाल्या, आज नाहीत, शनिवारी या. आधीच्या दोन्ही फण्या एव्हाना पिवळ्याधमक झाल्यात, शिकरण चालू आहे.