मदत हवी आहे: टोकियोत तिखट करीची पातळी कशी निवडावी?

टोकियोच्या जिम्बोचो भागातल्या छोट्या जपानी करीच्या दुकानांची माहिती असणाऱ्यांनी कृपया सांगा. काही ठिकाणी दाराशीच मशीनमधून कूपन काढावं लागतं, मग काउंटरवर तिखटाची पातळी विचारतात. मैदा आणि चरबी परतून केलेला हा रस्सा दाट, गोडसर. तिखट उशिरा चढतं, त्यामुळे पहिल्या घासावरून अंदाज हमखास चुकतो. कोल्हापुरी रश्श्याची सवय असलेल्याने पाचपैकी कितवी पातळी घ्यावी? तयार रश्श्यात वरून मिरचीपूड ढवळली की तो कडवट आणि रवाळ होतो, म्हणून पूड वेगळी मागता येते का? पाण्याने जळजळ जात नाही; चीज घ्यावं की लस्सी मिळते? सर्वांत महत्त्वाचं: रश्श्यात बरेचदा गोमांसाची चरबी असते, भाजीच्या करीतही. गोमांस न खाणाऱ्यांनी ‘ग्यूशी’ (म्हणजे गोमांसाची चरबी) आहे का एवढंच विचारलं तर पुरतं, की मांसाच्या अर्काचंही वेगळं विचारावं?